अकरा जणांचा फोटो

१९८१च्या एप्रिलमध्ये मी मुळशीत गेले ती एका फोटोमुळे. पुण्यात कॉलेजात मी इतिहास शिकवत होते आणि प्रबंध लिहीत होते. गोऱ्या साहेबांनी कातकऱ्यांचं रान आधी मोजलं, मग कागदावर चढवलं आणि शेवटी त्यांच्याच पायाखालून कसं काढून घेतलं, हा माझा विषय. सात वर्षं जुनी दप्तरं चाळली होती. त्यात हा फोटो सापडला. वाळक्या गवताच्या उतारावर अकरा कातकरी रांगेत उभे, बाजूला टोपीवाला साहेब. त्या अकरा जणांच्या खाली नुसते आकडे. माणसाचं नाव होतं ते फक्त साहेबाचं; मागं मुळशीतल्या एका वाडीचं.

मला ती अकरा नावं हवी होती. मोठी प्रत काढून घेतली, पौडला एसटी बदलली आणि धरणाच्या पाण्याच्या कडेनं तासभर चालून त्या वाडीवर चढले.

जाईबाई वाडीतली सर्वांत म्हातारी. तिच्या नातसुनेनं, सगुणानं, तान्ही मुलगी खांद्याशी धरून मला पाणी दिलं. म्हातारीनं फोटो डोळ्यांशी धरला.

"ह्यो भैरू. माजा आजा." बोट पुढं सरकलं. "ही गोजरा. लई गोड गायची."

चार नावं सांगून ती दमली. बाकीची उद्या, म्हणाली.

पायथ्याच्या शाळेत मी मुक्काम केला. संध्याकाळी उजेड होता तोवर वहीतली नावं ताडून बघायला पिशवीतून फोटो बाहेर काढला. रांगेतली पहिली चार माणसं नव्हती.

कागद खराब असेल, उन्हानं उडालं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पण चित्र उडालं तर पांढरं राहतं. इथं त्यांच्या मागचं गवत दिसत होतं, काडी न् काडी.

सकाळी जाईबाईला विचारलं, "ही माणसं कुठं गेली?"

"घरी," ती म्हणाली. "नाव घेतलं की सुटत्यात. लई दिस उभी हायेत, बाई."

मला तेव्हाच उठायला हवं होतं. पण सात नावं राहिली होती. मी पेन उघडलं.

दुपारपर्यंत दहा झाली. अकरावी केशर. नाव लिहून मान वर केली तेवढ्यात तीही गेली. झोपडीमागं वाळकं गवत पुष्कळ पायांखाली मोडल्यासारखं वाजलं. मी जाऊन पाहिलं. तिथं कुणी नव्हतं.

कागदावर एकटा साहेब उरला.

"ह्यो कोन?" जाईबाईनं विचारलं.

सात वर्षांत ते नाव मी शेकडो वेळा लिहिलं होतं. वर्गात सांगावं तसं पटकन बोलून गेले. इथं ते लिहीत नाही.

म्हातारीनं माझ्या तोंडावर हात दाबला, पण उशीर झाला होता. फोटोत आता नुसता उतार होता.

"त्याला कशापायी सोडलंस?" ती म्हणाली.

वारा पडला होता. खालच्या पायवाटेवर पाचोळा वाजू लागला. एकच माणूस, जड बुटांचा, सावकाश वर येत होता.

मी पिशवी उचलली आणि दुसऱ्या बाजूनं पळाले. त्या लोकांना तिथंच सोडून.

आठ दिवस कॉलेजात गेले. नवव्या दिवशी राहवलं नाही, परत गेले.

भर दुपार होती. चुलीचा धूर नाही, कुत्रं भुंकलं नाही. सगळी वाडी उतारावर रांगेत उभी होती, फोटोतल्यासारखी. ऊन थेट तोंडावर. एकाचीही पापणी लवत नव्हती.

"जाईबाई, सावलीत चला," मी म्हटलं.

"हलू नका म्हनतोय," ओठ न हलवता ती म्हणाली.

तिची नजर माझ्या मागं होती. मी वळले नाही. तिचा हात धरला. त्या उन्हात तो गार होता.

रांगेच्या टोकाला सगुणा होती. तिच्या शेजारी तिची तीन महिन्यांची मुलगी.

तीही आपल्या पायांवर उभी होती.