पुढे गेलेला माणूस

चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत ताईंचं ऑफिस होतं. खाली डोळे तपासायला आलेली माणसं भिंतीवरची अक्षरं मोठ्यानं वाचायची, ती वर स्पष्ट ऐकू यायची. वर ताई बहुतेक वेळ फोनवर असायच्या. समलिंगी जोडप्यांसाठी त्या लांबचे प्रवास आखून द्यायच्या. समुद्रापार, तीन-तीन आठवड्यांचे, एकेका जोडप्याच्या मापानं बेतलेले. कुणाला चालवत नाही, कुणाला उंचावर गरगरतं, कुणाला सकाळी दहाच्या आत हाक मारलेली खपत नाही, सगळं त्यांच्या वहीत असायचं.

प्रत्येक हॉटेलला त्या स्वतः फोन करायच्या. "दोन पुरुष येणार आहेत. जोडपं आहे. एकच मोठा पलंग हवाय. काउंटरवर कुणी नाक मुरडणार असेल तर आत्ताच सांगून टाका." पलीकडचा माणूस क्षणभर जरी घुटमळला, तरी त्या हॉटेलच्या नावावर काट.

घरी ताईंची सिस्टर होती. म्हणजे बहीण नव्हे, ताईंची जोडीदार; हॉस्पिटलात नर्स होती. पण गल्लीतले सगळेच तिला सिस्टर म्हणायचे, आणि पंधरा वर्षं एकत्र राहून ताईंच्याही तोंडी तेच बसलं होतं. "जगाला फिरवून आणतेस, आपण कधी जायचं?" असं ती अधूनमधून विचारायची. ताई म्हणायच्या, "हा सीझन संपू दे." सीझन कधी संपत नसे.

त्या वर्षी मास्तर आणि घड्याळजी आले. मास्तर गणित शिकवून निवृत्त झालेले. घड्याळजींचं घड्याळदुरुस्तीचं छोटं दुकान होतं. सत्तावीस वर्षं दोघं एका छपराखाली राहत होते आणि शेजारीपाजारी घड्याळजींना 'मास्तरांचे भाडेकरू' म्हणून ओळखत होते. वीस वर्षांपूर्वी एकदाच ते दोघं बाहेरगावी गेले होते. तिथल्या कारकुनानं भरल्या हॉलमध्ये ओरडून विचारलं होतं, "दोघांना एक पलंग? का हो, बायकांनी हाकललं का?" सगळा हॉल हसला. घड्याळजींनी बॅग उचलली ती थेट घरी आणून ठेवली. त्यानंतर ते एक रात्रही बाहेर राहिले नव्हते.

"आता बारीक स्क्रू दिसेनासे झालेत," घड्याळजी खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाले. "नजर आहे तोवर काहीतरी मोठं बघून घ्यावं म्हणतो. समुद्र वगैरे."

"याला हो म्हणायला वीस वर्षं लागली, ताई," मास्तर म्हणाले. "कुठे काही वेडंवाकडं झालं, तर हा पुन्हा उंबरा ओलांडायचा नाही."

ताईंनी दीड महिना खपून प्रवास आखला. तेवीस दिवस, पाच मुक्काम. प्रत्येक ठिकाणी दोनदोनदा फोन केले. दोघं गेले त्या दिवशी त्यांना स्वतःच्याच मुलाला पहिल्यांदा शाळेत सोडल्यासारखं वाटलं.

तिसऱ्या दिवशी मास्तरांचा फोन आला. आवाज खुशीत होता.

"ताई, तुमचा माणूस फार सज्जन हो!"

"कुठला माणूस?"

"तोच, आदल्या दिवशी येऊन खोली बघून गेलेला. मॅनेजर सांगत होते. खिडक्या उघडून पाहिल्या, पलंगावर बसून पाहिला, नोकरांना समजावून सांगितलं. आणि याच्या मानेला जाड उशी चालत नाही, तर डावीकडे पातळ उशी ठेवून घेतली. किती बारकाईनं बघता हो!"

ताईंनी वही उघडली. घड्याळजींच्या मानेबद्दल तीत काही नव्हतं. आणि ताईंकडे कामाला कुणी माणूसही नव्हता.

हॉटेलवाले हल्ली गिऱ्हाइकांची सरबराई जरा जास्तच करतात, असं म्हणून त्यांनी विषय मिटवला. दुसऱ्या मुक्कामावरून पुन्हा तेच कळलं. तिथे त्या माणसानं बाल्कनीतल्या दोन खुर्च्या पाण्याकडे तोंड करून ठेवायला लावल्या होत्या. आता मात्र ताईंनी दोन्ही मॅनेजरांना फोन लावले.

"नीटनेटका होता," पहिला म्हणाला. "इस्त्रीचा शर्ट. बूट तेवढे ओले. गालिच्यावर ठसे उमटले."

"पाऊस होता का?"

"छे हो, दोन महिन्यांत थेंब नाही."

दुसऱ्या ठिकाणच्या मॅनेजर बाईनंही ओल्या बुटांचाच उल्लेख केला. चेहरा कसा होता, असं विचारल्यावर दोघंही थबकले.

"चेहरा ना," बाई बऱ्याच वेळानं म्हणाली, "चांगला होता."

ताई भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्या नव्हत्या. कुणीतरी आपली वही वाचतंय, दोघांच्या मागावर आहे, हाच विचार त्यांच्या मनात आला. तिसऱ्या मुक्कामाच्या दिवशी त्यांनी ठरलेलं हॉटेल परस्पर रद्द केलं. दोघांची बोट किनाऱ्याला लागायला तासभर उरला असताना, त्याच बंदरातली, खानावळीवर राहायच्या खोल्या असलेली एक साधी जागा शोधून तिथे फोन केला. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. सिस्टरलाही नाही; मास्तरांना तर बोट लागल्यावरच कळवणार होत्या.

"दोन पुरुष आहेत," त्यांनी सुरुवात केली.

"हो, हो," पलीकडचे म्हातारे गृहस्थ म्हणाले. "खोली कालपासून तयार आहे. दुपारी तुमचा फोन येईल, असं तुमचा माणूस सांगून गेलाय."

खाली कुणीतरी भिंतीवरची अक्षरं वाचत होतं. ताईंनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"तो आत्ता कुठे आहे?"

"पुढे गेला. पुढची खोली बघायची आहे म्हणाला."

दोघांना ताबडतोब परत बोलवायचं, असं ताईंनी नक्की केलं. संध्याकाळी मास्तरांना फोन लावला. मागे लाटांचा आवाज येत होता आणि घड्याळजी कुणाशी तरी मोठ्यानं हसत बोलत होते.

"मास्तर, एक सांगायचं होतं."

"आधी माझं ऐका," मास्तर म्हणाले आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. "आज नाश्त्याच्या टेबलावर यानं माझा हात हातात घेतला. सगळ्यांदेखत. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा, ताई. हं, तुम्ही काय म्हणत होतात?"

"काही नाही," ताई म्हणाल्या. "टोपी घालून फिरा म्हटलं. ऊन फार असतं."

तेवीस दिवसांनी दोघं सुखरूप परतले. रापलेले, जरा जाड झालेले, एकमेकांचं वाक्य तोडत बोलणारे. घड्याळजी या खेपेला खुर्चीत ऐसपैस टेकून बसले. समुद्राचं वर्णन करताना त्यांनी टेबलावरचा पेनांचा डबा पाडला. पुढच्या वर्षीचा प्रवास आत्ताच आखायला घ्या, असं त्यांनीच सांगितलं.

"आणि हे तुमच्यासाठी," निघताना त्यांनी खिशातून एक बंद पाकीट काढलं. "शेवटच्या दिवशी भेटले ना ते. तुमचे गृहस्थ."

"तुम्ही पाहिलंत त्यांना? कसे होते?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मास्तरांनी आठवायचा प्रयत्न केला.

"चांगले होते," ते म्हणाले.

पाकिटात एका हॉटेलचं कार्ड होतं. ताईंनी ते नाव कधी ऐकलं नव्हतं. मागे सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'तुम्हा दोघींसाठी. खोली बघून ठेवली आहे.'

आठवडाभर कार्ड पर्समध्ये पडून राहिलं. फाडून टाकावं असं रोज वाटे, आणि रोज राहून जाई. रविवारी सिस्टरला सुट्टी होती. स्वयंपाकघरात दुपारचं ऊन आलं होतं. ती टेबलाशी संत्रं सोलत बसली होती. ताईंनी तिच्या समोर बसूनच नंबर फिरवला. काय असेल ते एकदा रद्द करून मोकळं व्हायचं, बस.

फोन लगेच उचलला गेला. मुलीचा आवाज गोड होता. ताईंनी आपलं आणि सिस्टरचं नाव सांगितलं, बुकिंग रद्द करा म्हणाल्या.

मुलगी गोंधळली.

"पण बाई, तुम्ही आलात की."

"म्हणजे?"

"आत्ता तासाभरापूर्वी. दोघी. मीच किल्ली दिली. वहीत सही आहे तुमची."

ताईंनी कार्डावरचा नंबर पुन्हा पाहिला.

"खोली पसंत नाही का?" मुलीनं काळजीनं विचारलं. "मघाशी तर खूश होतात दोघी. तुम्ही वरच्या खोलीतूनच बोलताय असं मी समजत होते. थांबा हं, खोलीत जोडून देते."

फोनमध्ये घंटी वाजली. दोनदा.

कुणीतरी उचलला. बोललं कुणीच नाही. उघड्या खिडकीतून यावा तसा वाऱ्याचा आवाज आला, आणि खोलीत जरा दूर कुणीतरी बाई हसली. मनापासून, पोट धरून. हसण्याच्या शेवटी एक छोटीशी उचकी आली. सिस्टर फार खुशीत असली की तिला येते, तशीच.

ताईंनी वर पाहिलं.

समोर सिस्टर संत्र्याचे धागे काढत होती. ती हसत नव्हती.