दीपमालेचा तांब्या

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत.

"मयत महिलेच्या घरची अर्थिंग कोरडी होती. जुन्या कॉम्प्युटरमध्ये बिघाड होता. वीज खात्याचा दोष नाही." खुर्चीतून न उठता लिहिलंत. गावात तुमचं पाऊलही पडलं नाही.

मंठाळात त्यानंतर काय घडलं ते आता ऐका. शब्द न् शब्द खरा आहे. ज्याला हसायचंय त्यानं आत्ताच हसून घ्यावं.

बसवकल्याण तालुक्यातलं मंठाळ. गेला उन्हाळा. विलासची बायको दीपमाला घरच्या कॉम्प्युटरवर लोकांचे अर्ज करून द्यायची. ज्याला कानडी लिहिता येत नाही, तो तिच्या दारात. कुणाचं काम अडलं तर स्वतः तालुक्याला जायची आणि उत्तर मिळाल्याशिवाय ऑफिसातल्या बाकावरून उठायची नाही.

कॉम्प्युटर म्हातारा झालेला. उन्हाळ्यात त्याच्या पेटीच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या यायच्या. म्हणून ती रोज सकाळी परसातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात तांब्याभर पाणी ओतायची. माती ओली असली की करंट जमिनीत उतरतो. गावात सगळेच ओततात.

त्या दिवशीही तिनं ओतलं. विलासनं डोळ्यांनी पाहिलं.

चहा व्हायच्या आत ती त्या पत्र्याला चिकटली.

कार्य आटोपलं आणि तिचा भाऊ नागनाथ भाचीला, ज्योतीला, भालकीला घेऊन निघाला.

"दाजी, पाणी टाकायचं राहिलं आसंल. साहेबांनी लिवून दिलंय."

"टाकलं व्हतं. मी बघितलंय, नागनाथ."

"मग ती पेटी फेका उकिरड्यावर. पेटी घरात हाय तवर पोरगी हितं पाऊल टाकणार न्हाई."

पेटी फेकली तर साहेबांचंच खरं होणार. ठेवली तर पोर परकी होणार.

विलासनं ठरवलं, बिघाड शोधायचाच.

दीपमालेची पद्धत त्याला ठाऊक होती. एकेक भाग काढायचा. जो काढल्यावर खोड जाते, तोच खराब.

भर दुपारी त्यानं रबरी चप्पल घातली, पेटी उघडली. आधी रॅम काढली, खोडरबरानं घासली, बाजूला ठेवली. बटण दाबलं. रॅम नसली की ती पेटी बोंब मारते, हे त्यानं कितीदा ऐकलं होतं.

ती गप्प राहिली... आणि चालू झाली.

त्यानं बंद करून हार्ड डिस्क काढली. जुनी डिस्क, टक् टक् वाजणारी. पुन्हा बटण दाबलं.

टक्... टक्... टक्...

आवाज पेटीतून येत होता. डिस्क त्याच्या हातात होती. थंडगार.

त्यानं भिंतीतली पिन उपटली.

पेटीतला पंखा फिरतच राहिला.

त्यानं टेस्टर पत्र्याला टेकवला...

लाल दिवा लागला.

घर बौद्धांचं. भूतखेत मानणारं नव्हे. विलास उठला आणि लाइनमन ईरण्णाला घेऊन आला.

ईरण्णा हसला. "बायको गेली आन् डोस्कं फिरलंय तुझं, विलासण्णा. पिन काढल्यावर करंट काय तुझा सासरा देतोय?"

"वर चढ. माझी वायर खांबावरनंच सोड."

ईरण्णानं वायर सोडली. घरात आला. स्वतःचा टेस्टर लावला.

दिवा लागला.

"हे... हे कसं व्हायलंय?"

तेवढ्यात परसातून आवाज आला.

पाणी ओतल्याचा... बुळुक... बुळुक...

दोघं धावले. परसात कुणी नव्हतं. गावात कित्येक दिवस नळ आला नव्हता आणि खड्ड्यातली माती ओलीचिंब होती. खड्ड्याशेजारचा तिचा स्टीलचा तांब्या जागेवर नव्हता.

तिथून थेंब निघाले होते. फाटकातून बाहेर, गल्लीतून पुढं. पाय भाजतील अशी धूळ, तरी एक थेंब वाळला नव्हता.

थेंब गावच्या ट्रान्सफॉर्मरपाशी संपले.

तांब्या तिथं उभा होता. खात्याच्या अर्थिंगच्या खड्ड्याला लागून. त्या खड्ड्याला भेगा पडलेल्या. कैक वर्षांत त्यात कुणी पाणी ओतलं नव्हतं. आणि ट्रान्सफॉर्मरवरून खड्ड्यात उतरणारी अर्थिंगची पट्टी गंजून तुटली होती. दोन टोकं, मधे हवा.

ईरण्णाचं हसू उतरलं.

"ही तुटली की घराघरात भलताच करंट घुसतोय, अण्णा. पेटीचा दोष न्हाई. तुमच्या घरच्यांचाबी न्हाई."

"लिवून दे एवढं. माझी पोरगी घरी येईल."

"माझी नोकरी जाईल की रे..."

तो गेला. टेस्टर तिथंच टाकून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी विलास फोटो काढायला गेला, तर पट्टी नवी कोरी. खड्ड्यावर ओलं सिमेंट. कुणी आलेलं गावानं पाहिलं नाही.

पेटी तेव्हापासून थंड आहे. टेस्टर लावला तर दिवा लागत नाही.

पण तांब्या गायब आहे.

आणि थेंब थांबलेले नाहीत. ते आता ट्रान्सफॉर्मरपासून निघतात आणि तालुक्याच्या रस्त्याला लागतात. रोज सकाळी थोडे पुढं. विलास सायकलवरून त्यांच्या मागं जातो, जिथं संपतात तिथं उभा राहतो, परत येतो. काल ते बसवकल्याणच्या वेशीत शिरलेले त्यानं पाहिले. परत येऊन त्यानं मला, शेजाऱ्याला, एवढंच सांगितलं, "ती बाकावर जाऊन बसणार. मी वळखतो तिला."

साहेब, तुमच्या ऑफिसातल्या त्या बाकाखाली आज पाणी सांडलंय का? शिपायाला विचारू नका. स्वतः उठून बघा.

आणि दोष आमच्या पेटीचा होता, तर ती पट्टी गुपचूप का बदललीत? ज्योती भालकीत वाट बघायलीय. तिच्या बापाला लेखी उत्तर द्या.

देणार का, साहेब... की ते दीपमालेलाच देणार?