अनंताची पानं

माझी थोरली बहीण रंजीता घुग्घुसला राहायला गेली, तेव्हा मी तिचं घर लावून द्यायला गेले, ती बरेच महिने तिथंच राहिले. भावजी खाणीत, पाळीवर. घर साधंच, कोळशाच्या ट्रकांच्या रस्त्यावर. दार उघडं राहिलं की ताटवाट्यांवर काळी पूड बसायची. अंगणातली तुळस काळी, जास्वंद काळी, कुंपणावरची वेलही काळी. फक्त कोपऱ्यातलं अनंताचं झुडूप हिरवंगार. पानं तेल लावल्यासारखी चकचकीत, आणि पांढऱ्या फुलांचा वास पार रस्त्यापर्यंत.

"कोण पुसते हे?" मी विचारलं.

"कोण पुशीन? मले कुठी येळ हाय." ताई हसली. "आपोआप रायते."

खरंच होतं. आठवलं तर ती त्याला भांडी धुतलेलं पाणी टाकायची, एवढंच. पण दुपारी ट्रकांची रांग थांबून रस्ता निवांत झाला, की अंगणातून एक आवाज यायचा. ओलं फडकं पानावरून फिरवल्यासारखा... मग थोडं थांबून पुन्हा. बाहेर पाहिलं तर कोणी नसे. आळ्यातली माती मात्र ओली असायची, आणि तिला आंबट ताकाचा वास.

झाड या घरात आधी राहणाऱ्या ललिताबाईंचं. त्या सिरोंच्याच्या. माहेरून रोप आणून त्यांनी ते इथं जगवलं होतं. इथल्या चुनखडीच्या पाण्यानं अनंत पिवळा पडतो. म्हणून त्या त्याला पातळ ताक घालायच्या आणि रोज एकेक पान पुसायच्या. त्या वारल्यावर त्यांचे यजमान, प्रफुल्लभाऊ, मुलीकडे राहायला गेले. हे सगळं शेजारच्या सुगंधाबाईंनी ताईला सांगितलेलं. म्हणूनच तर तिला बोलता येत होतं. गल्लीतल्या बाया फुलं मागायला आल्या की ती म्हणायची, "मी ताक घालतो नं त्याले. रोज पानं पुसतो." बाया मान डोलवायच्या.

एका दुपारी प्रफुल्लभाऊ आले. ललिताबाईंचं वर्षश्राद्ध होतं, फोटोला दोन फुलं हवी होती. अंगणात पाऊल टाकताच म्हातारा थबकला. झाडाकडे पाहतच राहिला.

"कोण करते याचं, पोरी?"

सुगंधाबाई कुंपणापाशी उभ्या होत्या. ताईनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं.

"मीच करतो, भाऊ."

त्यांनी तिला हात जोडले. बापाच्या वयाच्या माणसानं. "दवाखान्यात शेवटपर्यंत तेच म्हणे... माह्या झाडाले कोण पुशीन. आताही सपनात येते, तं हात ओलेच रायते तिचे." मग ते झाडाकडे वळले आणि अगदी हळू बोलले, "ललिता, ऐकलं ना... ही पोरगी करते. आता तू थकू नको. जाय."

वारा नव्हता. तरी एक फांदी खाली वाकली, आणि कुणी हातातून सोडावी तशी वर आली.

ताईनं फुलं तोडून दिली. तिची मान वर झाली नाही.

त्या दिवसापासून आवाज बंद. बघता बघता झाड काळं पडलं, कळ्या गळाल्या, पानं पिवळी झाली. आणि एका सकाळी उंबऱ्यावर एक ओलं फडकं दिसलं. पिळून, घडी घालून ठेवलेलं. ताईनं ते रस्त्यावर फेकलं. दुसऱ्या दिवशी ते स्वयंपाकाच्या ओट्यावर होतं. मग तिच्या उशीवर... उशीला ताकाचा वास येत होता. भावजी म्हणाले, मी हात नाही लावला.

तेव्हापासून ताई ताक घालू लागली, पानं पुसू लागली. माहेरपण नाही, कुणाच्या लग्नाला जाणं नाही. नखांत काळी पूड बसली ती निघेना.

"प्रफुल्लभाऊले खरं सांगून टाक ना," मी म्हटलं.

"कोणत्या तोंडानं?" तिचा हात थांबला नाही. "हात जोडले होते त्यायनं मले... त्यायले वाटते, ती सुटली. आता जाऊन सांगू का, का मीच तिले खोटं बोलून हाकललं?"

भीती तिला होतीच. पण ती माझ्याकडे पाहत नव्हती, सुगंधाबाईंच्या कुंपणाकडे पाठ करून बसायची, ते भीतीनं नव्हे.

पुढे तिला तापानं धरलं. उठून बसता येईना, तरी ती अंथरुणातून दाराकडे सरकत होती.

"तू झोप. मी पुसतो आज," म्हणून मी तिच्या हातातून फडकं काढून घेतलं.

भर दुपार. उन्हानं अंगण पांढरं पडलेलं. रस्त्यावर एकही ट्रक नाही. मी ताकाचं भांडं डाव्या हातात धरलं आणि उजव्या हातानं पुसायला लागले. एक पान, दुसरं, तिसरं. पुसता पुसता लक्षात आलं, फडक्याखाली पान हलत नव्हतं. डगमगत नव्हतं, वाकत नव्हतं. माझ्या डाव्या हातात तर भांडं होतं...

पान खालून कुणीतरी धरून ठेवलं होतं.

फडकं तसंच थांबलं. देठापाशी थोडी काळी पूड राहिली होती. गार, ओल्या बोटांनी माझं बोट धरलं, आणि नव्या सुनेला शिकवावं तसं, न रागावता, हळूच तिथं नेलं.