श्री. लोडविक यांची संमती

"पाणी उतरायला तासभर आहे. आत्ता निघालो तर खारफुटीतून सरळ बाहेर पडू. उशीर केला तर होडी खांद्यावर घेऊन चिखल तुडवावा लागेल," योस्फिना म्हणाली आणि तिने वल्हं होडीत टाकलं.

"खांद्यावर कोणाच्या? माझ्याच ना," मेल्की पुटपुटला. मेल्की तिचा चुलत भाऊ, तेरा वर्षांचा. त्याची बहीण तिर्सा दहा वर्षांची होती. सागोच्या वड्यांचं गाठोडं मांडीवर घेऊन ती आधीच होडीत जाऊन बसली होती. शाळेला सुट्टी लागली होती आणि समोरच्या बेटावर तीन दिवस माकूल पकडायचा तिघांचा बेत ठरला होता.

बेत खाडीच्या तोंडाशीच मोडला. खारफुटीच्या मुळांमध्ये एक लाकडी खुंटी ठोकलेली होती. तिला निळी प्लॅस्टिकची पट्टी बांधली होती आणि वर लाल रंगात आकडा होता, सात. पुढे आठ. त्यापुढे नऊ.

"काल संध्याकाळपर्यंत इथे काही नव्हतं," मेल्की म्हणाला. "मी खेकड्यांचे सापळे बघायला आलो होतो."

"मग आज सकाळी ठोकल्या असतील. सगळं गाव चर्चमध्ये असताना."

त्यांनी खुंट्यांच्या मागोमाग होडी नेली. तिर्सा मोजत होती. एकूण बावीस खुंट्या भरल्या. चौदा नंबरची खुंटी मात्र पाहताच योस्फिनाच्या डोक्यात तिडीक गेली. ओहोटीला जिथे वाळूतून गोड्या पाण्याचा झरा वर येतो, बरोबर त्याच्या तोंडात ती ठोकली होती. कोरड्या महिन्यांत सगळं तालाओरी गाव याच झऱ्यावर पाणी भरायचं. आता तिथून गढूळ पाणी बुडबुडत होतं.

तिने होडी वळवली. मेल्कीने एकदा बेटाकडे पाहिलं.

योस्फिनाचे पापा, सगळ्यांचे ओम म्हणजे काका नतानिएल, गावाचे प्रमुख होते. ओसरीवर पाहुण्यासमोर ते हात जोडल्यासारखे बसले होते. पाहुणे म्हणजे पाक हेंदर, म्हणजे हेंदरसाहेब, जिल्ह्याच्या गावाहून आलेले. गावाची माहिती लिहून ती सरकारात द्यायची हे त्यांचं काम. त्यांचे बूट पांढरेशुभ्र होते. आल्यापासून ते ओसरीच्या खाली उतरले नव्हते, म्हणून तसे राहिले होते.

"पापा, किनाऱ्यावर कोणी खुंट्या ठोकल्यात. झऱ्यात सुद्धा."

"असेल काही सरकारी काम," पापा घाईघाईने म्हणाले. "बरं झालं आलात. आता यांना गाव दाखवा. कुठे कुठे काय आहे ते सांगा."

"दाखवायची काही गरज नाही," पाक हेंदर लॅपटॉपवरची नजर न काढता म्हणाले. "अशी साठ-सत्तर गावं लिहिलीत मी. सगळी सारखी. समुद्र, नारळ, प्रार्थनेची जागा आणि दुपारी झोपणारी माणसं. तळलेली केळी असतील तर मात्र आणा. गरम आणा हं, सकाळची गार होती."

योस्फिनाने केळी आणली. बशी ठेवता ठेवता तिने पडद्यावर नजर टाकली. वर लिहिलं होतं, 'तालाओरी गावाची माहिती'. खाली लिहिलं होतं, 'हवा थंड. मुख्य पिके कोबी आणि बटाटा.'

तिने पुन्हा वाचलं. "पाक, आमच्याकडे कोबी दुकानातून येतो. बोटीने. येईपर्यंत निम्मा सडतो."

"हं. ते डोंगरातल्या गावाचं राहिलं असेल. बदलू नंतर." आणि त्यांनी केळ्याचा तुकडा तोंडात टाकला.

तेवढ्यात पान सरकलं आणि नकाशा आला. किनाऱ्यावर निळी रेघ होती, तिच्यावर एक ते बावीस आकडे. रेघेच्या आत लिहिलं होतं: 'निरुपयोगी दलदल. वापर: नाही. नियोजित धक्का.'

धक्का म्हणजे काय हे हाल्माहेरा बेटाच्या या किनाऱ्यावर शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मागच्या लाल डोंगरातली निकेलची माती ट्रकांनी यायची, जहाजांत भरली जायची, आणि पाऊस पडला की समुद्र रक्तासारखा लाल व्हायचा. दोन खाड्या पलीकडच्या गावात असा धक्का झाल्यापासून तिथे कोणी शिंपल्या वेचायला जात नव्हतं. वेचणार काय?

"हा नकाशा तुम्ही काढलात?" योस्फिनाने विचारलं.

"कंपनीने पाठवला. मी चिकटवला."

"पण तुम्ही किनारा बघितलाच नाहीत."

पाक हेंदर प्रथमच तिच्याकडे पाहून हसले. चिखल बघायला कोण जातं, असं त्या हसण्यात होतं.

संध्याकाळी तिने पापांना सगळं सांगितलं. पापांनी कान खाजवला. "पंचावन्न पानं आहेत, पोरी. मी काय काय वाचू? शिकलेला माणूस आहे तो. परवा तालुक्याच्या प्रमुखबाई, इबू दोर्तेआ, येतील, तो वाचून दाखवेल, मी शिक्का मारेन, झालं."

"न वाचता?"

"मोठ्यांच्या कामात नाक खुपसू नकोस."

विहिरीमागे तिघांची बैठक बसली. मेल्कीचं म्हणणं, खुंट्या उपटून जाळाव्यात. तिर्साचं म्हणणं, बुटांत खेकडा सोडावा.

"खुंट्या उपटल्या तर ते पुन्हा ठोकतील," योस्फिना म्हणाली. "आणि खेकड्याचा काय अपराध? त्या माणसाचा मला राग सुद्धा येत नाही. चोर असता तर निदान कष्ट तरी घेतले असते. हा नुसता चिकटवतो. त्याने लिहिलंय ना, मग आपणही लिहायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या ओहोटीला शाळेची वही आणि टेकायला एक वल्हं घेऊन तिघं चिखलात उतरली. योस्फिनाने तारीख घातली, समास आखला आणि लिहिलं: 'इथे चिखल आहे. त्यात शिंपल्या मिळतात.' मग पेन्सिल चावत ती उभी राहिली.

"काय चाललंय गं?" मागून आवाज आला. नेने सार्लोता, गावाची सार्लोता आजी, टोपली कमरेला लावून उभी होती. वय सत्तरीच्या पुढे, तोंड गावात सगळ्यांत तिखट. योस्फिनाने वही दाखवली. म्हातारीला वाचता येत नव्हतं, म्हणून तिने वाचून दाखवलं.

"झालं? संपलं?" नेने सार्लोता म्हणाली. "त्या बुटवाल्यापेक्षा तुझं एक वाक्य जास्त भरलं. शाळेत जातेस ना तू?"

योस्फिनाचे कान तापले. कालपासून ती ज्या माणसाला मनातल्या मनात तुच्छ लेखत होती, त्याच्या शेजारीच म्हातारीने तिला नेऊन बसवलं होतं. आणि ते खोटं नव्हतं. जन्मापासून ती या चिखलातून ये-जा करत होती. बघितलं कधीच नव्हतं.

"मग तुम्ही सांगा, नेने," ती म्हणाली.

"चाल माझ्याबरोबर. आणि तोंड बंद ठेव."

म्हातारी चालत होती आणि पायाने दाखवत होती. ही 'सासूची पाठ', इथे वाळू कडक, होडी टेकवायची जागा. हे 'तीन बहिणी', इथे पांढऱ्या शिंपल्या, पण पौर्णिमेनंतरच. ही 'रडकी', इथे कालवं मिळतात. इथलं कोवळं खारफुटीचं रोप तोडलं तर माझ्या आईने माझे हात मोडले असते. योस्फिना लिहीत होती, मेल्की पावलांनी अंतर मोजत होता. अठरा जागांना अठरा नावं होती. चौदा नंबरच्या खुंटीपाशी म्हातारी थांबली, खुंटीकडे पाहून थुंकली आणि पुढे गेली.

"मेल्की," तिर्साचा बारीक आवाज आला.

ती मागे राहिली होती. गुडघ्यांपर्यंत रुतली होती, आणि पाय काढायला धडपडत होती तशी आणखी खाली जात होती. खाडीतून भरतीचं पाणी वळवळत आत शिरायला लागलं होतं. मेल्की तिच्याकडे धावला आणि दोन पावलांतच मांडीपर्यंत गेला.

"धावू नका, गाढवांनो," नेने सार्लोता म्हणाली. ती ओरडली नाही, पण आवाजाला धार होती. तिने टोपली रिकामी केली, सकाळभराच्या शिंपल्या चिखलात ओतल्या, आणि टोपली तिर्साच्या पुढ्यात सरकवली. "तिच्यावर पोट टेक. आडवी हो. पाय हलवू नकोस, मुरगळून सैल कर. मेल्की, तूही तसाच, हातावर झोप. योस्फिना, डावीकडे ये, तिथे कडक आहे. वल्हं दे तिला."

योस्फिना डावीकडे गेली. तिथे खरंच पायाला वाळू लागली. पाणी तिर्साच्या हनुवटीला लागलं तेव्हा तिचा एक पाय सुटला, मग दुसरा. वल्ह्याला धरून ती वाळूवर आली आणि मगच रडायला लागली. मेल्की सरपटत आला. त्याचे दात वाजत होते.

"ही जागा लिहिलीस?" नेने सार्लोताने विचारलं. "'गिळणारी.' लिही."

योस्फिनाने लिहिलं. वही मात्र तिने डोक्यावर धरून कोरडी ठेवली होती.

दुपारी पाक हेंदरांनी मुलांना हाक मारली. "अरे, एक तक्ता भरायचाय. गावातल्या ज्येष्ठांची नावं सांगा. तीन हवीत."

"भेटायला जाणार?" योस्फिनाने विचारलं.

"नावं सांगा नुसती. काय बोलतील ते मला ठाऊक आहे."

योस्फिनाने मेल्कीकडे पाहिलं. विहिरीपाशी तिने एकच नियम घातला होता: त्या माणसाची कितीही फजिती करावीशी वाटली तरी खोटं एक अक्षर बोलायचं नाही. जो माणूस एक प्रश्न जास्त विचारील, त्याला सगळं कळलं पाहिजे.

"लोडविक," मेल्की म्हणाला. लोडविक म्हणजे धर्मगुरूंचा डुक्कर.

"श्री. लोडविक. वय?"

"नक्की माहीत नाही. पण त्यांच्या बरोबरीचं कोणी आता उरलेलं नाही."

"राहतात कुठे?"

"चर्चच्या मागे. एकटेच."

"व्यवसाय?"

"काही नाही. दिवसभर पडून असतात. जेवण मात्र दणकून."

"सगळे तसलेच," पाक हेंदर टाइप करता करता म्हणाले. "दुसरं नाव?"

"ओमा पेत्रोनेला," योस्फिना म्हणाली. "चर्चच्या उजव्या बाजूला. त्या आजी तिथून कधी हलत नाहीत."

"आणि तिसरं?"

"नेने सार्लोता," तिर्सा म्हणाली. "पण ती आत्ता चिखलात असेल."

"मग राहू दे तिला. दोन पुरेत." त्यांनी लॅपटॉप मिटला. "केळी आहेत का?"

तिघं विहिरीमागे पळाली. मेल्कीला हसू आवरेना. योस्फिनाला मात्र हसू आलं नाही. हा माणूस एक प्रश्न विचारील असं तिला शेवटपर्यंत वाटत होतं, आणि त्याने विचारला असता तर तिला बरंच वाटलं असतं.

सभा चर्चसमोरच्या मांडवात भरली. इबू दोर्तेआ तालुक्याच्या प्रमुख होत्या. ठेंगण्या, चष्मा नाकावर घसरलेला, बोलणं कमी. सगळं गाव आलं होतं. पाक हेंदर उभे राहून वाचू लागले. कोबी आणि बटाटा आला तेव्हा बायकांमध्ये खसखस पिकली. ते बदलायचं राहूनच गेलं होतं. पापांनी मान खाली घातली.

"किनाऱ्याविषयी ज्येष्ठांच्या भेटी घेतल्या," पाक हेंदर वाचत होते. "श्री. लोडविक यांना त्यांच्या राहत्या घरी भेटलो. किनाऱ्याचा गावाला काही उपयोग नाही आणि धक्क्याला आपली संमती आहे, असे त्यांनी सांगितले."

माणसं एकमेकांकडे बघू लागली. मग मागे कोणीतरी खोकलं, आणि तो खोकला नव्हता.

"हे लोडविक इथे आलेत का?" इबू दोर्तेआंनी विचारलं.

योस्फिना उठली. "आले नाहीत, इबू. जवळच राहतात. आणू का?"

"आणा की. वय झालं असेल तर हाताला धरून आणा."

मेल्की दोरीला धरून घेऊन आला. लोडविकने मांडवात येऊन आधी जमीन हुंगली, मग माणसं, मग पाक हेंदरांचे पांढरे बूट, आणि त्यांच्यावर नाक घासलं. हास्याने मांडव हलला. इबू दोर्तेआ हसल्या नाहीत.

"हीच भेट का?" त्यांनी विचारलं.

पाक हेंदरांनी पाय मागे घेतले. "मला... या मुलांनी सांगितलं."

"नाव आम्ही सांगितलं," योस्फिना म्हणाली. "संमती तुम्ही लिहिलीत."

"आणि दुसऱ्या? पेत्रोनेला?"

"चौदा वर्षं झाली वारून," धर्मगुरू म्हणाले. "चर्चच्या उजव्या बाजूलाच आहेत."

या वेळी कोणी हसलं नाही. इबू दोर्तेआंनी पंचावन्न पानं मिटून बाकावर उपडी ठेवली. "मुली, तुझ्या हातात काय आहे?"

योस्फिनाने वही वाचली. एकोणीस जागा, प्रत्येकीचं नाव, तिथे काय मिळतं, कोणत्या महिन्यात, पावलं किती. बसल्या जागेवरून नेने सार्लोता दुरुस्त्या सांगत होती: "पौर्णिमेनंतर म्हणाले मी, आधी नाही. कान साफ कर." सगळं वाचून होईपर्यंत ओहोटी लागली होती. इबू दोर्तेआंनी चपला काढल्या, साडेचारशे पावलं चिखलातून चालल्या, चौदा नंबरची खुंटी स्वतः उपटली आणि ओंजळीने झऱ्याचं पाणी प्यायल्या.

"हा धक्का कुठेच होणार नाही, असं मी सांगू शकत नाही," त्या परत येऊन गावाला म्हणाल्या. "तेवढी मोठी मी नाही. पण इथला हा नकाशा आज परत जातो आहे, आणि कारण मी माझ्या हाताने लिहीन. 'वापर: नाही' हे शब्द तालाओरीच्या कुठल्याही कागदावर राहणार नाहीत." मग त्या मुलांकडे वळल्या. "साठ गावं लिहिणाऱ्याला जे जमलं नाही, ते तुम्ही एका वहीत केलंत. शाब्बास."

पाक हेंदर दुपारच्या बोटीने गेले. निरोप द्यायला कोणी गेलं नाही. ओहोटीच्या चिखलातून बोटीपर्यंत जाताना बूट मात्र त्यांना हातात घ्यावे लागले.

"मी तुझं खुंट्यांचं ऐकायला हवं होतं," पापा सगळ्यांदेखत योस्फिनाला म्हणाले. त्यांना ते जड गेलं, हे तिला दिसत होतं. नेने सार्लोताने तिर्साच्या डोक्यावर टपली मारली. "पोरं बरी आहेत," ती म्हणाली. तिच्या तोंडून गावाने एवढी स्तुती कधी ऐकली नव्हती. "माझ्या टोपलीभर शिंपल्या तेवढ्या भरून द्या."

आठवड्याने वहीवरून गावाची नवी माहिती लिहून झाली. एकतीस पानं भरली. पापांनी सवयीने शिक्का उचलला. योस्फिनाने तो त्यांच्या हातातून काढून घेतला आणि पहिलं पान समोर ठेवलं.

"वाचा," ती म्हणाली.

पापांना वाचायला दोन दिवस लागले. सतराव्या पानावर त्यांनी एक चूक सुद्धा काढली.