थांबायची धून

परीक्षकांनी गाणं शेवटपर्यंत ऐकायचं, मध्ये थांबवायचं नाही, हा नियम मास्तरांचाच. स्पर्धेच्या पहिल्या वर्षी गेम कंपनीच्या मालकांच्या जावयाने प्रत्येक गाण्याचा नुसता मुखडा ऐकून मार्क वाटले होते आणि उरलेली दुपार खुर्चीत झोप काढली होती. तेव्हा मास्तर म्हणाले होते, "जेवायच्या आधीच ढेकर कसला देताय साहेब? पूर्ण ऐका." तेव्हापासून जावई पूर्ण ऐकतो. झोपतोही, पण बसून.

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. तरुणपणी त्यांनी एका व्हिडिओ गेमचं संगीत केलं होतं. गेममध्ये एक बुटका पोस्टमन दारोदार टपाल वाटत फिरायचा. खेळणाऱ्याने बटणं सोडून दिली की तो बिचारा समोरच्या दाराशी उभा राहायचा आणि एक धून वाजायला लागायची. थांबायची धून. लेक तान्ही असताना तिला खांद्यावर टाकून येरझारा घालताघालता मास्तरांना ती सुचली होती. धुनेला शेवट नव्हता. कोण किती वेळ थांबेल, काय सांगता येतं? शेवटचा सूर संपला की पुन्हा पहिला. जोडाच्या जागी मात्र एक बारीकसा 'टक्' राहून गेला होता. त्या वेळच्या यंत्रात जागाच एवढीशी, तो काही केल्या जाईना. गेमवेड्यांनी तो टक्‌सुद्धा डोक्यावर घेतला. पुढे ती धून दाताच्या दवाखान्यात वाजली, बँकेच्या फोनवर वाजली. माणूस कुठेही ताटकळला की मास्तर हजर.

दरवर्षी कंपनी चाहत्यांकडून या संगीताचे रीमिक्स मागवून स्पर्धा घ्यायची. या वर्षी एकाने कमाल केली होती. त्याने थांबायची धून ढेकर, घोरणं, उचकी आणि नाक शिंकरणं यांतून बसवली होती आणि वर नाव ठेवलं होतं, 'आता पुरे'. छोटासा नमुना नेटवर पडल्याबरोबर चाहते पेटले. कोणी म्हणे विटंबना, कोणी म्हणे त्याचा गेम काढून घ्या. एकाने तर निषेध म्हणून दिवसभर न थांबता पोस्टमनला पळवला.

"आणि त्याने म्हणे शेवटही लावलाय धुनेला," चष्मेवाली म्हणाली. ही तिसरी परीक्षक. गेम खेळताखेळता नेटवर बडबड करायची, त्यावर तिचं घर चालायचं. "तुम्ही लावला नाहीत, म्हणून त्याने लावला सर."

"उपकारच झाले," मास्तर म्हणाले आणि पुन्हा घड्याळाकडे बघितलं.

त्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. लेकीला समुद्रापलीकडे नोकरी लागली होती आणि ती आज संध्याकाळीच निघणार होती. बातमी ऐकल्यावर मास्तर "वा, फार छान" म्हणाले होते आणि उठून चांगला चालणारा नळ दुरुस्त करायला बसले होते. वजन बघतो म्हणून तिची बांधलेली बॅग दोनदा सोडली होती. सकाळी ती म्हणाली, "बाबा, वेळेत ये हं. तू आल्याशिवाय मी दाराबाहेर पाऊल टाकणार नाही." ते ऐकून मास्तरांना क्षणभर जे वाटलं, ते त्यांनी कोणाला सांगितलं नसतं. आज आपण गेलोच नाही तर?

ऐकायची खोली छोटी, भिंतींना स्पंज ठोकलेला, बाहेरचा आवाज आत येत नसे. जावयाने बटण दाबलं.

पहिल्याच सुराला ढेकर आला, भरल्या पोटाचा आणि अगदी सुरात. चष्मेवालीला हसू आवरेना. मग खालच्या पट्टीत घोरणं सुरू झालं. मास्तरांच्या कपाळाला आठी पडली. लेक त्यांच्या घोरण्याची नक्कल करायची, शेवटी शिट्टी मारून. इथेही शेवटी शिट्टी होती.

"घोरणं भारी आहे," जावई म्हणाला. "कोणाचं असेल?"

मास्तरांनी स्वतःला समजावलं, जगात पुष्कळ लोक घोरतात.

स्पीकरमधून उचकी आली. तिच्या पाठोपाठ जावयाला उचकी लागली. स्पीकरमधून दुसरी आली, जावयाची दुसरी. चष्मेवाली म्हणाली, "साहेब, तालात आहात हं."

मग स्पीकरमध्ये काच फुटली. जावयाने पाण्यासाठी हात लांब केला, कोपर लागलं आणि ग्लास खाली जाऊन फुटला. आवाज तोच होता, फुटल्यावर एक तुकडा दूरवर घरंगळत गेला, तोसुद्धा.

आता कोणी हसत नव्हतं.

"हे कोणी केलंय?" स्पीकरमधून चष्मेवालीचा आवाज आला.

तिने दचकून मास्तरांकडे बघितलं. "हे कोणी केलंय?" ती म्हणाली, आणि लगेच तोंडावर हात ठेवला.

धून पुढे चालली होती. जोड यायचा तिथे आला, पण टक् झालं नाही. आयुष्यभर मास्तरांना जे जमलं नव्हतं, ते या माणसाने सहज केलं होतं. सूर पुन्हा पहिल्यावर गेलेच नाहीत. ते पुढे निघाले, कुठेतरी पोचायला.

स्पीकरमधल्या जिन्यावर चपला वाजल्या. डावी जरा फरफटणारी. मास्तरांनी स्वतःच्या पायांकडे बघितलं. पाय टेबलाखाली गप्प होते.

टॅक्सीचा हॉर्न. मग लेकीचा आवाज.

"आलास? बाबा, येते मी."

बॅगेची चाकं फरशीवरून गेली. बिजागरी कुरकुरली. या आवाजांच्या खाली सूर जमत आले, फक्त एक राहिला होता, घरी येणारा. दार लागलं की तो येणार, हे मास्तरांना हाडाहाडांतून कळलं.

त्यांनी हात लांब करून गाणं बंद केलं.

टक्.

जावयाला आणखी एक उचकी आली.

"बाद," मास्तर म्हणाले. "स्पर्धेतून बाद. माझ्या धुनेचा अपमान आहे हा."

"पण सर, नियम तुमचाच ना?" चष्मेवाली हळूच म्हणाली. "शेवट राहिला."

मास्तर पिशवी उचलून बाहेर पडले. घराचा जिना चढताना डावी चप्पल फरफटत होती. ती उचलून टाकायचा त्यांनी प्रयत्न केला, जमलं नाही.

दार उघडंच होतं. लेक बॅगेची मूठ धरून उंबऱ्याच्या आत उभी. खाली टॅक्सीने हॉर्न दिला.

"आलास? बाबा, येते मी," ती म्हणाली आणि हसली.

मास्तरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ते आत सरकले, ती बाहेर. बॅगेची चाकं फरशीवरून गेली, बिजागरी कुरकुरली, दार लागत आलं.

टक्.

लेक बॅगेची मूठ धरून उंबऱ्याच्या आत उभी होती. खाली हॉर्न वाजला.

"आलास? बाबा, येते मी."

"बाळा?"

ती हसली. चाकं गेली, बिजागरी कुरकुरली.

टक्.

पुढच्या खेपेला मास्तरांनी तिला दंडाला धरून बाहेर ओढलं. त्यानंतर दार स्वतः लावायला गेले. मग ओरडले, "जा ना, जा बाळा, मी काही म्हणत नाही!" प्रत्येक वेळी दाराची फट बोटभर उरायची आणि ती पुन्हा आत असायची.

त्यांनी कंपनीत फोन लावला.

"ते गाणं लावा," ते म्हणाले. "जिथे थांबवलं तिथून पुढे लावा. शेवट लावा."

"कोण बोलतंय? एक मिनिट हं, साहेबांना विचारते," पलीकडची बाई म्हणाली. "थांबा."

आणि फोनवर मास्तरांची धून वाजायला लागली.

फोन कानाशी धरून ते उभे राहिले. खाली हॉर्न वाजला.

"आलास? बाबा, येते मी."

शब्द तेच होते, हसूही तेच. फक्त मुठीवरची तिची बोटं आता पांढरी पडली होती, आणि ती त्यांच्याकडे पापणी न हलवता बघत होती.