बहिरा बोर्ड

सेल बदलून यायचं, एवढंच काम होतं. पनवेलहून उरण रस्त्याला लागायचं, खाडीच्या अंगाला वळायचं, जेवायच्या आत परत. बायकोने, जास्मीनने विचारलं, "एकच सेल बदलायचाय ना? मग दोन कशाला घेताय?" म्हटलं, व्यापाऱ्याने एक जादा ठेवावा.

माझं दुकान मूळचं घड्याळाच्या सेलांचं. दहावीच्या अलीकडेच शाळा सुटली. पुढचं सोल्डरिंगच्या धुराने शिकवलं. आता मी तळहाताएवढे बिनतारी बोर्ड बनवतो. गोदामात, शीतगृहात टांगायचे; आतली थंडी मोजून ते मोबाइलवर कळवतात. लोकांना वाटतं, कसब मोजण्यात आहे. मोजायला वीज लागते कितीशी? वीज खातात दोनच गोष्टी, जागं राहणं आणि बोलणं. आपटा गावात माझ्या मामूंचं किराणा दुकान होतं. गिऱ्हाईक पायरी चढलं की कंदिलाची वात वर, उतरलं की खाली. लोक चिक्कू म्हणायचे, पण मामूंचं रॉकेल कधी संपलं नाही. मी बोर्डाला तेच शिकवतो. झोप. काम पडलं तर ऊठ, एक वाक्य बोल, परत झोप. बोर्डावर लाल दिवा लुकलुकतो ना, तो तर मी आधी उपटतो. बंद खोलीत उजेड कोणाला दाखवायचा?

दिपिकाताईंचं शीतगृह कोळंबी-सुरमईचं. सासऱ्यांचं मिठागर होतं, त्याच जागेवर तिने ते उभं केलं. तिथल्या बोर्डाला मी एक जास्तीची सोय दिली होती. एक बारीक नळी, तिच्यात मोहरीएवढी गोळी. दाराला धक्का बसला की गोळी हलते आणि बोर्ड उठतो. म्हणजे दार उघडलं की कळणार, एरवी गाढ झोप. असा सेल दोन वर्षं टिकायला हवा. पंधरवड्यात गेला. नवा घातला, तोही गेला. मधे बोर्ड मुका असताना मशीन अडकलं आणि कोळंबी नरम पडली, ते ताईंना दुर्गंधीवरूनच कळलं.

मी पोहोचलो तेव्हा ती दारातच उभी. बाजूला बळीराम, म्हातारा राखणदार, गळ्यात किल्ली.

"अब्दुल्लाभाई, मला सेल नको, साक्ष हवी," ती म्हणाली. मोबाइल पुढे केला. बोर्ड जागा झाल्याच्या नोंदी खालपर्यंत लागलेल्या. "हे बघा. मी घरी असते तेव्हाच. दार कोण उघडतं? किल्ली माझ्याकडे आणि या बळीरामकाकांकडेच आहे."

"माल कमी भरतो का?"

"बरोबर भरतो. म्हणून तर संशय येतो. काका हुशार आहेत."

बळीराम म्हणाला, "शेट, मी नाय उघारला. आई एकवीरेची आन. नात शिकते माजी या पगारावर. चोर म्हनून घरी कसा जाव?"

"संध्याकाळी पोलिसांत जाणार आहे मी," ताई म्हणाली. "तुमचा बोर्ड खोटं बोलतो का सांगा, म्हणजे झालं."

आता बघा अडचण. बोर्ड खरा म्हणावा तर म्हातारा आत जातो. खोटा म्हणावा तर माझं दुकान बसतं. खरं सांगतो, माझा संशय तोवर बळीरामवरच होता. गोड बोलणारा माणूस मी आधी तराजूत घालतो, कारण मी स्वतः गोड बोलतो.

दुसरी शक्यता होती मशीनची. कॉम्प्रेसरच्या थरथरीने गोळी हलत असेल. नशिबाने त्या दुपारी दुरुस्तीसाठी वीज जाणारच होती. म्हटलं, "जनरेटर लावू नका. दोन्ही किल्ल्या माझ्या खिशात द्या. बघू."

नवा सेल घातला, बोर्ड माझ्याही मोबाइलला जोडला, दार ओढलं, कुलूप लावलं. वीज गेली. इतका वेळ कानाला लागलेली घरघर थांबली आणि मग कळलं, त्या जागेला स्वतःचा असा आवाजच नाही. ऊन रणरणत होतं. शेडखाली मात्र ओल्या गोणपाटाचा वास, आणि दाराच्या रबरातून पायांवर सांडणारी थंड हवा. आम्ही तिघे हाताची घडी घालून उभे. कोणी दाराला शिवलं नव्हतं.

माझा मोबाइल थरथरला. बोर्ड जागा.

ताईने माझ्याकडे पाहिलं. मी बळीरामच्या हातांकडे. हात त्याच्याच काखेत होते.

पुन्हा. जागा.

"उंदीर असेल…" ती हळूच म्हणाली.

"एवढ्या थंडीत?"

मी दाराला कान लावला. पत्रा बर्फासारखा. आधी काही नाही. मग अगदी खालून, गुडघ्याच्या उंचीवरून… टक. थोडा दम घेऊन… टक. दम घेऊन… टक. थकलेला माणूस मारतो तसं.

मी कुलूप काढलं. टॉर्च आत मारला. खोकी, वाफ, बस्स. उंदराची लेंडीही नाही. पण दाराच्या आतल्या बाजूला, गुडघ्याएवढ्या उंचीवर, पांढरा ओला डाग. मला वाटलं बर्फ. बोट लावलं, जिभेला टेकवलं. सवय हो, व्यापाऱ्याची. खारट.

बळीराम आत आलाच नाही. बाहेरूनच म्हणाला, "ताई, मी तुमाला सांगलं व्हतं. हाक बंद नका करू."

"कसली हाक?" मी विचारलं.

ताई चिडली. "अहो, दार लावायच्या आधी तीनदा ठोकायचं आणि ओरडायचं, आत कोण हाय का? मिठागरातली जुनी पद्धत. मीच बंद केली. गिऱ्हाइकांसमोर वेड्यासारखं दिसतं. आणि आता बोर्ड आहे ना!"

"मिठागराची उघाडी हितंच व्हती," बळीराम म्हणाला. उघाडी म्हणजे भरतीचं पाणी अडवायची फळी. "फळी टाकाच्या आधी ठोकाचा, हाक मारायची. खाली नाल्यान कोन गाळ काढत असला तर… एकदा कोनी मारली नाय. मानूस खालीच ऱ्हायला."

"कोणी नाही मारली?"

त्याने ताईकडे पाहिलं आणि खाली बघितलं. ताई लगेच माझ्याकडे वळली.

"काकांचं राहू द्या. पोलिसांत नाही जात. पण मला ही टकटक नको. तुमची ती गोळीची नळी कापून टाका. बोर्ड घड्याळावर उठू दे, थंडी सांगू दे, बास."

"आणि हाक?"

"नळी कापा म्हटलं ना."

मी कापली. काय करणार? म्हाताऱ्याची नोकरी वाचली, माझं नाव वाचलं. बळीराम मात्र मला सोडायला रस्त्यापर्यंत आला आणि एवढंच म्हणाला, "शेट, वाजवनारा थांबला नाय. आपुन कान काढला."

त्या दिवसापासून तो सेल उतरत नाही. असा कमी खाणारा बोर्ड माझ्या हातून दुसरा झाला नाही. ताईंनी चार गिऱ्हाइकं पाठवली. कापलेली नळी मी दुकानात बिस्किटाच्या डब्यात टाकली. तार नाही, सेल नाही. तरी त्या डब्यातले स्क्रू गंजायला लागलेत आणि झाकण आतून पांढरं होतं.

तेव्हापासून शटर ओढायच्या आधी मीही तीनदा ठोकतो. आत कोण आहे का? जास्मीन हसते. मी उत्तरासाठी थांबत नाही, झटकन ओढतो.

काल शेजाऱ्याशी बोलण्याच्या नादात ठोकायचं विसरलो. नाक्यावरून परत आलो. बाजार अजून भरलेला, भाजीवाल्या ओरडत होत्या. बंद शटरवर तीनदा ठोकलं.

खिशात मोबाइल थरथरला. ताईंचा बोर्ड. जागा. लगेच दुसरा. लगेच तिसरा. म्हटलं, हा तर बहिरा आहे. याचा कान माझ्या डब्यात, या शटरच्या आत.

मोबाइल तसाच हातात धरून उभा राहिलो. थोडा दम घेऊन तो चौथ्यांदा थरथरला.

मी तीनदाच ठोकलं होतं.