राखीव हात

दर मंगळवारी सकाळी साडेआठला निहार परुळेकरला नवा हात मिळत असे.

ओमाहाच्या अमेरिकन फुटबॉल संघाच्या सराव-इमारतीत, मालिशवाल्यांच्या खोलीला लागून एक छोटी खोली होती. तिथे ग्रेटा लिंडक्विस्ट त्याची वाट पाहत असायची. निहार शर्ट काढून स्टुलावर बसला, की ती त्याच्या उजव्या हातावर मनगटापासून खांद्याच्या पाठीपर्यंत एक राखाडी, ओलसर बाही चढवायची.

"या आठवड्यात बॉइझी," ती म्हणायची. "उंच माणूस आहे, चेंडू कानाच्या बराच वरून सोडतो. पहिल्या वीस फेकी सैल टाक."

बाहीच्या अस्तरात तीनशे बारीक इलेक्ट्रोड होते. येत्या रविवारी ज्या संघाशी गाठ, त्याच्या क्वार्टरबॅकची फेकण्याची लकब सामन्यांच्या चित्रणावरून मोजली जाई आणि बाहीत भरली जाई. मग निहारने हात उचलला, की योग्य स्नायूला योग्य क्षणी हलकासा झटका बसे, आणि चेंडू त्या दुसऱ्या माणसाच्या हातून सुटावा तसा सुटे. तीच उंची, तीच गिरकी, तोच वेळ. त्याच्यासमोर सराव करून ओमाहाची बचावफळी रविवारी मैदानात उतरायची, तेव्हा समोरच्याचा प्रत्येक चेंडू तिच्या ओळखीचा असायचा. सामन्यात बाही घालायला लीगची बंदी होती. सरावावर बंधन नव्हतं.

क्वार्टरबॅक म्हणजे अमेरिकन फुटबॉलमधला खेळ चालवणारा गडी. चेंडू त्याच्या हाती येतो आणि अंगावर माणसं कोसळायच्या आत, तीनेक सेकंदांत, तो कुणाकडे फेकायचा हे त्याला ठरवावं लागतं. निहारने ओहायोतल्या एका लहान कॉलेजसाठी हे काम तीन वर्षं असं काही केलं होतं, की गावातल्या न्हाव्याने त्याच्याकडून पैसे घेणं सोडलं होतं. तो चेंडू खालून, जवळजवळ कोपराच्या रेषेतून काढायचा. प्रशिक्षकांना ते आवडत नसे, पण चेंडू पोचायचा. व्यावसायिक संघांना मात्र तो बुटका वाटला. निवडीच्या शेवटच्या फेरीत ओमाहाने त्याला राखीव म्हणून घेतलं. त्याला आता सात वर्षं झाली होती. या सात वर्षांत तो खऱ्या सामन्यात एकंदर अकरा मिनिटं खेळला होता.

दुसऱ्या वर्षी बाही आली आणि निहारला काम सापडलं. इतर संघांतले राखीव खेळाडू झटक्यांना विरोध करायचे, त्यांचे हात आखडायचे. निहारला हात सैल सोडता यायचा. "याच्याइतकी बाही कुणाला मानवत नाही," मुख्य प्रशिक्षक हॅनिगन पाहुण्यांना सांगायचे. लीगमधली सर्वांत कडवी बचावफळी ओमाहाची होती, आणि ती कुणी घडवली हे त्या फळीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. निहारला त्याचा अभिमान होता. सहा हंगामांत त्याने चाळीसेक जणांचे हात वापरले होते.

नोव्हेंबरच्या एका रविवारी पहिल्या पसंतीचा क्वार्टरबॅक ऐझाया कोल्बर्ट याच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. सामन्याची आठ मिनिटं उरली होती आणि ओमाहा चार गुणांनी पुढे होतं. निहार हेल्मेट चढवून आत गेला.

पहिला चेंडू झेलणाऱ्याच्या डोक्यावरून गेला. दुसरा त्याच्या पायाशी पडला. तिसऱ्या वेळी निहारला माणूस स्वच्छ दिसला, कुठे टाकायचं हेही कळलं, आणि हात वर गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं की पुढे काय करायचं हे हाताला माहीत नाही. म्हणजे माहीत होतं, पण फार प्रकारे माहीत होतं. चेंडू प्रतिस्पर्ध्याने मधल्या मध्ये झेलला आणि थेट गोलरेषेपलीकडे नेला. निहारच्या उरलेल्या चार फेकीही वाया गेल्या आणि ओमाहा हरलं.

सोमवारी ग्रेटाने त्याला पडद्यासमोर बसवलं. तिने त्याच्या सातही फेकी बाहीच्या साठ्याशी ताडून पाहिल्या होत्या.

"पहिली बॉइझी," ती म्हणाली. "दुसरी आणि पाचवी सॅक्रामेंटोच्या म्हाताऱ्याची. तिसरी सुरू झाली एकाची आणि संपली दुसऱ्याची. निहार, यातली एकही तुझ्या कॉलेजच्या फेकीशी जुळत नाही."

निहारने विचारलं, "माझी भरता येईल?"

"काय?"

"कॉलेजचं चित्रण आहे. त्यावरून माझी फेक बाहीत भर."

ग्रेटाने दुपारपर्यंत ते करून दिलं. निहारने बाही चढवली आणि बंदिस्त मैदानात पन्नास चेंडू टाकले. चेंडू सुरेख गेले, खालून, कोपराच्या रेषेतून. मग त्याने बाही उतरवली आणि एकावन्नावा टाकला. तो भलतीकडेच गेला. बावीस वर्षांच्या, आठ किलो हलक्या पोराची ती फेक होती. एकोणतीस वर्षांच्या निहारला ती बाकी चाळीस जणांसारखीच परकी झाली होती.

हॅनिगननी त्याला खोलीत बोलावलं. ते आरडाओरडा करणारे गृहस्थ नव्हते. "पुढचा रविवार सुट्टीचा आहे," ते म्हणाले. "त्याच्या पुढच्या रविवारी पोर्टलंड. तू खेळू शकत नसशील तर मला बाहेरून माणूस आणावा लागेल. त्यात कमीपणा नाही. बाहीचं काम तुझंच राहील."

"मी खेळणार आहे, कोच."

"कसा?"

"सोमवारपर्यंत वेळ द्या."

बुधवारी तो टोलेडोला आईकडे गेला. वसुधा परुळेकर तीस वर्षं एका पुनर्वसन केंद्रात काम करत होत्या. पक्षाघाताने हात लुळे पडलेल्यांना त्या पुन्हा बटण लावायला, चमचा धरायला शिकवायच्या. निहारने जेवताना सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही.

"म्हणजे तुला जुना हात परत हवाय," शेवटी त्या म्हणाल्या.

"हो."

"तो नाही मिळायचा. माझ्याकडे येणारा प्रत्येक माणूस पहिल्या दिवशी तेच मागतो. जुना रस्ता बुजला, की मेंदू दुसरा काढतो. काढायला मात्र त्याला भाग पाडावं लागतं."

"आई, माझ्या मेंदूला काही झालेलं नाही. उलट रस्ते जास्त झालेत."

"मग त्यांच्या बाजूने नवा काढू. तू फेकताना कशाचा विचार करतोस?"

"कोपर कुठे आहे, खांदा किती उघडलाय..."

"तिथेच चुकतंय. हाताला कसं ते सांगायचं नाही. कुठे ते सांगायचं. बाकीचं त्याचं त्याला बघू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कपड्यांची प्लास्टिकची टोपली घेऊन मागच्या अंगणात उभ्या राहिल्या. एकसष्ट वर्षांच्या, अंगात जाड जॅकेट, पायांत बर्फाचे बूट. निहारचा फोन त्यांनी स्वयंपाकघरातच ठेवून घेतला. चित्रण नाही, आरसा नाही, आकडे नाहीत. त्या टोपली डावीकडे धरत, उजवीकडे धरत, कधी चेंडू सुटायच्या क्षणाआधी सरकवत. कधी फुटबॉलऐवजी टेनिसचा चेंडू देत, कधी ओल्या टॉवेलचा बोळा. गुडघ्यावर बसून टाक. चालता चालता टाक. हात वर गेला, की त्या मुद्दाम विचारत, "भाजी काय करू?" आणि उत्तर देऊन त्याने टाकायचं.

पहिल्या दिवशी साडेतीनशे चेंडू झाले. टोपलीत एकोणचाळीस पडले. एक शेजाऱ्यांच्या गाडीवर आपटला. संध्याकाळी निहार पायरीवर बसून राहिला.

"हे हास्यास्पद आहे," तो म्हणाला. "एकही फेक दुसरीसारखी नाही."

"तुला दुसरीसारखी हवी आहे कशाला?" वसुधाताईंनी विचारलं. "ती सवय बाहीने लावली तुला. ऊठ, अजून उजेड आहे."

शुक्रवारी टोपलीत एकशे दहा पडले. शनिवारी त्यांनी टोपली चाळीस पावलं लांब नेली. रविवारी पाऊस आणि बर्फ एकत्र पडत होतं. निहार स्वतःच लवकर उठून बाहेर गेला. दुपारनंतर केव्हातरी त्याच्या लक्षात आलं, की गेला तासभर त्याला हाताची आठवणही झालेली नाही. त्याने ते आईला सांगितलं नाही, सांगितलं तर जाईल अशी त्याला भीती वाटली.

सोमवारी तो ओमाहाला परतला. मंगळवारी साडेआठला ग्रेटाच्या खोलीत गेला आणि उभाच राहिला. बाही टेबलावर तयार होती.

"मी ही घालणार नाही," तो म्हणाला. "या आठवड्यात नाही, आणि यापुढेही नाही."

ग्रेटाने हॅनिगनना बोलावलं. त्यांनी विचारलं, "बचावफळीचा सराव कोण घेणार? पोर्टलंडचा हात त्यांनी पाहिलाच नाही तर?"

"सगळे संघ दहा वर्षांपूर्वी असंच खेळत होते. कोच, मला एकाच वेळी दोन कामं देऊ नका. जे दिलंय ते मी करून दाखवतो."

हॅनिगन हसले नाहीत. "सरावात बघतो," एवढंच म्हणाले. सरावातल्या फेकी त्यांना पाहायला आवडल्या नाहीत, पण झेलणाऱ्यांनी तक्रार केली नाही. शुक्रवारी त्यांनी संघाची यादी लावली. पहिलं नाव परुळेकर होतं.

पोर्टलंडविरुद्ध पहिल्या अर्ध्या डावात निहारला चार वेळा पाडलं गेलं. त्याच्या फेकी कुरूप होत्या. एक पडता पडता टाकलेली, एक जवळजवळ छातीपासून ढकललेली. बाजूला बसलेल्या ग्रेटाच्या पडद्यावर प्रत्येक फेकीपुढे एकच नोंद उमटत होती: जुळणी नाही. तिसाव्या फेकीला तिने पडदा बंद केला आणि सामना बघू लागली. शेवटची दोन मिनिटं उरली तेव्हा ओमाहा सहा गुणांनी मागे होतं. निहारने नऊ फेकींत सगळं मैदान पार केलं, आणि नववा चेंडू गोलरेषेपलीकडे झेलला गेला. त्याचे सहा गुण आणि त्यानंतरच्या किकचा एक, असं ओमाहा एका गुणाने जिंकलं.

कोल्बर्टचं हाड सांधेपर्यंत निहार पाच सामने खेळला. तीन जिंकले, दोन हरले. बाद फेरी थोडक्यात हुकली. हंगाम संपल्यावर हॅनिगननी त्याला दोन वर्षांचा नवा करार दिला, राखीव म्हणूनच, पण बाहीचं कलम काढून. ते काम आता निवृत्तीला आलेला एक जुना खेळाडू करणार होता. निहारने त्याला भेटून एकच सल्ला दिला: दर आठवड्याला एक दिवस बाहीशिवाय टाक.

पुढच्या हंगामात तिसऱ्या आठवड्यात कोल्बर्टचा घोटा मुरगळला. निहार खेळणार अशी घोषणा झाली, आणि मंगळवारी दुपारी त्याला एका अनोळखी नंबरवरून फोन आला.

"मी टॉमी फाओला. सॉल्ट लेकचा राखीव," पलीकडचा आवाज तरुण होता. "रविवारी आमच्याशी तुमची गाठ आहे. आज सकाळपासून तुझा हात माझ्या अंगावर आहे."

लीगच्या नियमांत निहारला विचारायची गरजच नव्हती; सामन्याचं चित्रण सगळ्यांचं होतं.

"मी तुझ्या वाटेला जायला फोन केला नाही," टॉमी म्हणाला. "बाही अडखळते आहे. तुझ्या दोन फेकी सारख्या नसतात, त्यामुळे तिला कुठला झटका द्यायचा ते कळत नाही. आमचे लोक वैतागलेत. पण मधूनच ती थांबते ना, तेव्हा हात मोकळा असतो. तेवढ्यात मी एक चेंडू टाकला. बरा गेला."

"किती वर्षं घालतोस बाही?"

"चौथं."

"आणि तो जो बरा गेला," निहारने विचारलं, "तो कुणाचा होता?"

पलीकडे मैदानावरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. कुणीतरी टॉमीला हाक मारली.

"तेच तर विचारायला फोन केला," तो म्हणाला. "आपला असेल तर तो ओळखायचा कसा?"